१९९६ च्या बर्म्युडा बैठकीत शास्त्रज्ञ डेटा फुकट द्यायला तयार कसे झाले?

पेशीकेंद्र
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेकला आहे, सेमिनारला विषय मिळालाय ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए वाचून काढायचा प्रकल्प. कुठेही वाचायला घेतलं की बर्म्युडाची बैठक येतेच, तिथे म्हणे ठरलं की सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा वाचलेला क्रम) २४ तासांत जगाला खुला करायचा. मला हे पटतच नाहीये, कारण पेपर छापून येईपर्यंत कोणी आपला डेटा शेजारच्या टेबलवाल्याला पण दाखवत नाही, मग एवढ्या मोठ्या लॅब तयार कशा झाल्या? कायदा तर कुठला नव्हता. आणि खरंच पाळलं का? सर म्हणाले एक स्लाइड टाक आणि पुढे जा, पण मला वाटतंय खरी गोष्ट इथेच आहे.

जुना_सिक्वेन्सर
एका स्लाइडवर अजिबात उरकू नका. फेब्रुवारी १९९६, बर्म्युडा, वेलकम ट्रस्ट या संशोधनाला पैसे देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने बोलावलेली बैठक, पन्नासेक माणसं. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, जपान सगळीकडचे. एक मोठं काम होतं वाटणीचं, कोणता भाग कोण वाचणार, कारण दोघांनी एकच तुकडा वाचला तर पैसा पाण्यात.

डेटाचा विषय लावून धरला जॉन सल्स्टन आणि बॉब वॉटर्स्टन यांनी. सल्स्टन केंब्रिजजवळच्या सँगर सेंटरचे, वॉटर्स्टन सेंट लुइसचे. दोघंही आधी सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर काम करायचे, आणि त्या लोकांची रीतच होती की जीनोमचा नकाशा जसजसा होईल तसतसा देऊन टाकायचा, कारण नकाशा करणारे मोजके आणि त्यावर जीन शोधणारे कितीतरी, त्यांनी वापरला की चुका कळतात, माहिती परत येते, नकाशाच सुधारतो. म्हणजे हा भाबडेपणा नव्हता, अनुभव होता त्यांचा. सल्स्टननी बोर्डवर मुद्दे लिहिले: जोडून झालेला तुकडा १ हजार बेसच्या (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या) वर गेला की आपोआप बाहेर, शक्यतो २४ तासांत. पूर्ण तपासून झालेला सिक्वेन्स लगेच डेटाबेसला. आणि सगळं पब्लिक डोमेनमध्ये.

आता तयार का झाले, तर पेटंट. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनेच जीनच्या तुकड्यांवर पेटंटचे अर्ज टाकले होते, त्या जीनचं काम काय तेही माहीत नसताना! जेम्स वॉटसननी उघड विरोध केला आणि १९९२ मध्ये प्रोजेक्टचं प्रमुखपद सोडलं. मग स्तनाच्या कॅन्सरच्या बीआरसीए जीनवरून पेटंटची भांडणं सुरू झालीच. सिक्वेन्स रोजच्या रोज जगासमोर आला तर नंतर 'हे आमचं' म्हणणं अवघड जातं, हा त्यातला हिशोब.

कायदा नव्हता, बरोबर. पण पैसे देणाऱ्या संस्था त्याच खोलीत बसल्या होत्या, आणि पुढे ग्रँट पाहिजे तर ही अट पाळा असं झालं. माझ्या मते कायद्यापेक्षा हेच जास्त लागू पडलं.

मावळतीर
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर घालतो, सगळे हसत हसत तयार झाले असं समजू नका. जर्मनीत कंपन्यांना डेटा आधी बघू द्यायची व्यवस्था होती, त्यावरून खूप वाद झाला, म्हणून तर १९९७ आणि १९९८ ला पुन्हा बर्म्युडालाच बसावं लागलं. आणि दुसरी अडचण खरी होती, तुम्ही रात्रभर मशीन चालवून वाचलेला जीनोम दुसरा कोणी उचलून तुमच्या आधी पेपर छापेल त्याचं काय? त्यावर २००३ ला फोर्ट लॉडरडेलला बैठक झाली, तिथे डेटा तयार करणाऱ्याला पहिल्या मोठ्या पेपरचा मान द्यावा असं मांडलं गेलं, पण तेही सौजन्यावरच.

सेलेराचा भाग सोडू नका. १९९८ मध्ये क्रेग व्हेंटरची ही कंपनी उतरली, तिला सरकारी बाजूचा डेटा रोज मिळत होता आणि तिचा मात्र बंद. तरी इकडच्यांनी २४ तासांचा नियम सोडला नाही, मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठाच्या जिम केंट नावाच्या विद्यार्थ्याने त्या खुल्या तुकड्यांची जुळणी करणारा प्रोग्राम महिनाभरात लिहिला आणि ७ जुलै २००० ला जीनोम इंटरनेटवर आला.

रानवारा
हेडी विल्यम्स या अर्थतज्ज्ञ बाईंचा २०१३ चा अभ्यास स्लाइडवर घ्याच. सेलेराने काही काळ स्वतःच्या हक्कात ठेवलेल्या जीनवर नंतरचं संशोधन आणि त्यातून निघालेल्या चाचण्या २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्या असं त्यांना दिसलं. कोणी विचारलं की खुलं ठेवून फायदा काय, तर हा आकडा दाखवा.

पेशीकेंद्र
बापरे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, खूप खूप आभार. अजून एक विचारू का, आपल्या जीनोमइंडियाचा डेटा पण असाच उघडा आहे का, मला डाउनलोड करता येईल?

जुना_सिक्वेन्सर
नाही, तसा नाही. १० हजार भारतीयांचे जीनोम, जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले, ठेवलेत फरीदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये, पण अर्ज करावा लागतो, कशासाठी हवं ते सांगावं लागतं. आणि मला ते योग्यच वाटतं. बर्म्युडाला जे ठरलं ते एका संदर्भ जीनोमसाठी, म्हणजे सगळ्यांनी तुलनेला वापरायच्या एका नमुन्यासाठी होतं. त्यातला मोठा वाटा एकाच अनामिक माणसाचा आहे, १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या पेपरात जाहिरात देऊन रक्तदाते बोलावले होते. इथे हजारो माणसं, त्यात आपापसातच लग्नं करणारे छोटे छोटे समाज, आजाराची माहिती सोबत. विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, अशा एखाद्या छोट्या गटाचा डेटा सरसकट उघडा टाकला तर त्रास त्या माणसांना होणार, डेटा वापरणाऱ्याला नाही. फक्त अर्जाचं उत्तर लवकर यायला पाहिजे आणि छोट्या कॉलेजलाही मिळायला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

सेमिनारला एक करा, सांताक्रूझचा जीनोम ब्राउझर (जीनोम बघायची वेबसाइट) प्रोजेक्टरवर लाइव्ह उघडा आणि एचबीबी टाइप करा. अकराव्या क्रोमोसोमवरचा हिमोग्लोबिनचा जीन समोर येतो, सिकलसेल ज्या एका अक्षराने होतो तीही जागा तिथेच दाखवता येते. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नेट नीट नसेल तर आदल्या दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा.