शोभेच्या दगडांबद्दल थोडी भर
वर एका सदस्याने फुलझाडांभोवती पांढरी संगमरवरी खडी पसरण्याचा विचार मांडला आहे. त्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. संगमरवर आणि चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळून मातीचा सामू (pH) वाढवतात, म्हणजे तिची आम्लता कमी करतात, त्यामुळे अझेलिया किंवा गार्डेनियासारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांची पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडू लागतात. शंका असल्यास खड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून अगदी जवळून पाहावे. बारीक बुडबुडे उठले, तर त्यात चुना आहे असे समजावे. अशा झाडांजवळ ग्रॅनाइट, बेसाल्ट किंवा गारगोटी बरी.

दगड कोरडा आणि ओला, दोन्ही अवस्थांत पाहूनच रंग ठरवावा.

तण येऊ नये म्हणून खडीखाली प्लास्टिक अंथरण्याच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही. त्याने पाणी आणि हवा अडते व मुळे गुदमरतात. पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अधिक योग्य, अर्थात वर साचणाऱ्या पालापाचोळ्यात तण रुजतेच, म्हणून तो वेळोवेळी काढावा लागतो. थर साधारण 5 सेंटिमीटरचा पुरतो. 10 चौरस मीटर जागेला अर्धा घनमीटर, म्हणजे सुमारे 750 ते 800 किलो खडी लागते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. मोठा दगड नुसता जमिनीवर ठेवला की उपरा दिसतो. त्याचा तिसरा हिस्सा मातीत पुरला, की तो तिथलाच वाटतो.