मदत हवी आहे: होम थिएटरसाठी छतातून कुठली वायर टाकू? (तातडीचं)

खडूस_कोथरूडकर
सोमवारी पीओपीवाला येतोय, त्याआधी पाइपातून वायरी ओढायच्या आहेत. ५.१ रिसीव्हर घेतोय, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा अ‍ॅम्प. दुकानदार म्हणतो ऑप्टिकल टाका, स्वस्तात भागतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो चित्राची लाल-हिरवी-निळी (कॉम्पोनंट) पण असू दे. मेहुणा म्हणतो एचडीएमआय. एकच काय ते सांगा, लेक्चर नको.

पावटा
टीव्हीचं मॉडेल? अंतर किती? बघणार कशावरून, सेट टॉप बॉक्स की ब्लू-रे?

सदाभाऊ
ऑप्टिकलमधून चित्र जातच नाही, फक्त आवाज. तोही ५.१ पर्यंत, अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) विसरा. लाल-हिरवी-निळीतून ४के येणार नाही. टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत देणाऱ्या) पोर्टातून रिसीव्हरला एक एचडीएमआय. विषय संपला.

नादब्रह्म
५.१ चा सोस कशाला? बरा स्टिरिओ अ‍ॅम्प आणि दोन दमदार स्पीकर. गाणी ऐकून बघा, मग बोला.

पावटा
@सदाभाऊ संपला कसा? साध्या एआरसीतून ट्रूएचडी (काहीही न गाळलेला आवाज) जात नाही, ईएआरसी, म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती लागते.

सदाभाऊ
ट्रूएचडी डिस्कवर असतं हो. ओटीटीचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून (गाळून लहान केलेल्या आवाजातून) येतं, त्याला साधं एआरसी पुरतं. आजकाल डिस्क लावतंय कोण?

पावटा
मी लावतो.

खडूस_कोथरूडकर
टीव्ही कुठे म्हणालो मी? प्रोजेक्टर आहे, ४के. रिसीव्हरपासून १४ मीटर.

पावटा
हे आधी सांगायचं ना राव! मग एआरसीचं सगळं बाद. बॉक्स, प्लेयर सगळं रिसीव्हरला, तिथून एक एचडीएमआय प्रोजेक्टरला. पण ४के ६० हर्ट्झला १८ जीबीपीएसची केबल लागते, १४ मीटरवर साधी तांब्याची दगा देते. चित्र मध्येच जातं, ठिपके येतात. फायबरवाली घ्या. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे. छत बंद करण्याआधी चित्र लावून बघा, नाहीतर उलटी निघाली की बसा पीओपी फोडत.

वेंधळी
आमच्या साउंडबारचा आवाज ओठांच्या मागून येतो, काय करू?

सदाभाऊ
@वेंधळी वेगळा धागा काढा.

अण्णा_निवृत्त
अर्थिंग तपासलंत का? आमचा सबवूफर घूंऽऽ करायचा. शिवाय खालच्या मजल्यावरच्यांना विचारून घ्या, सोसायटीत कटकटी होतात.

खडूस_कोथरूडकर
पाइप पाऊण इंची आहे, जाईल ना?

पावटा
एचडीएमआयचं डोकंच अडकेल. छत उघडं आहे तोवर दीड इंची टाका, एल्बो नको, लांब बेंड द्या. आत ओढायला तार सोडून ठेवा, पुढे केबल बदलता येईल.

खडूस_कोथरूडकर
बरं. रिसीव्हर मेहुण्याचाच, २०१२ चा. चालेल ना?

पावटा
😑 एचडीसीपी २.२ (४के ची कॉपी रोखणारं कुलूप) नसणार त्यात. त्यातून नेलंत तर ओटीटीचं ४के मिळणार नाही. दोन एचडीएमआय आउटचा ब्लू-रे प्लेयर असेल तर चित्र थेट प्रोजेक्टरला, आवाज रिसीव्हरला. नसेल तर मेहुण्याला त्याचा रिसीव्हर परत.

नादब्रह्म
म्हणून म्हणत होतो, स्टिरिओ.