घरमालकाच्या प्रीपेड सबमीटरवर 18 रुपये युनिट. हे बरोबर आहे का?

वाकड_भाडेकरू
फ्लॅटच्या चार खोल्या वेगवेगळ्या भाडेकरूंना दिल्या आहेत. महावितरणचं मेन मीटर एकच, घरमालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीला मालकाने बसवलेलं प्रीपेड सबमीटर, रिचार्ज त्यांच्या ॲपवरून, दर 18 रुपये युनिट. माझा वापर दिवसाला साधारण 3 युनिट आहे, पण बॅलन्स 69 रुपयांनी उतरतो. मीटर पळतंय की आणखी काही? तपासायचं कसं?

वायरमन_दादा
3 × 18 = 54. उरलेले 15 रुपये युनिटचे नाहीत. या मीटरांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर आणि रोजची ठरावीक कपात मालक स्वतः भरतो. खात्री करायला रात्री झोपताना आणि बरोबर 24 तासांनी बॅलन्स आणि युनिट अशा दोन्ही आकड्यांचे फोटो घ्या. तीन दिवस वापर कमीजास्त झाला तरी फरक 15 वरच अडकला, तर ती ठरावीक कपातच आहे.

आता वायरिंग. खोलीचा मेन एमसीबी पाडा आणि मीटरचा लाल दिवा बघा. तो अजिबात लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर बाहेरचं काहीतरी तुमच्या मीटरवर जोडलंय. ते किती वॅटचं आहे हेही काढता येतं. मीटरवर 3200 इम्पल्स (म्हणजे लुकलुकी) प्रति युनिट लिहिलं असेल, तर 1125 ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. 28 सेकंदांनी एकदा लुकलुकला तर 40 वॅट, म्हणजे पॅसेजची ट्यूब. दीड सेकंदाला एकदा असेल तर 750 वॅट, म्हणजे पाण्याची मोटर.

मीटर पळतंय का हे बघायला 1000 वॅटचा पाणी तापवायचा रॉड घ्या, बाकी सगळं बंद ठेवा. गिझर किंवा इस्त्री नको, थर्मोस्टॅट मध्येच तोडतो. भरलेल्या बादलीत रॉड लावून 5 मिनिटं लुकलुक मोजा (मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजलेलं बरं). 230 व्होल्टला साधारण 267 येतील. व्होल्टेज मात्र मल्टिमीटरने मोजाच. 210 ला 222 च येतात, आणि रात्री 245 असेल तर 300 पर्यंत जातात. बरेच जण इथेच फसतात आणि चांगल्या मीटरला दोष देतात. मीटरचं सील उघडू नका, तारांना हात लावू नका. नाहीतर उद्या छेडछाडीचा आरोप तुमच्यावरच येईल.

बिल_वाचक
मीटर बरोबर असलं तरी दराचा प्रश्न राहतोच. महावितरणच्या संकेतस्थळावर 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट टाकलं की बिल दिसतं. दोन्ही आकडे जुन्या बिलावर असतात. त्यातलं फक्त चालू महिन्याचं देयक धरा. थकबाकी आणि व्याज हे मालकाचं, तुमचं नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि 16% वीज शुल्क मिळून जी रक्कम होईल तिला युनिटांनी भागा.

उदाहरण घ्या. मेनवर 420 युनिट, चालू देयक 5,670 रुपये. दर पडला साडेतेरा. चार खोल्यांचे 90 प्रमाणे 360 युनिट. उरलेले 60 पॅसेज, फ्रिज, मोटर असे सामायिक. ते सगळ्यांत वाटले तरी 5,670 ÷ 360 = 15.75. म्हणजे पावणेसोळापर्यंत मालकाला काही सुटत नाही, तिथपर्यंत भांडू नका. 18 ने मात्र 6,480 जमतात. वर 15 रुपये रोजचे, चौघांचे महिन्याला 1,800. बिलापेक्षा 2,610 रुपये जास्त, खोलीमागे साडेसहाशे.

18 हा आकडा बहुधा शेवटच्या स्लॅबच्या दरावरून आलेला असतो. पण स्लॅब टप्प्याटप्प्याने लागतात: पहिल्या 100 युनिटांना स्वस्त दर, 101 ते 300 ला वेगळा, त्यापुढच्यांना महाग. सगळ्या युनिटांना वरचा दर लावणं सरळ चूक आहे.

वाकड_भाडेकरू
एमसीबी पाडल्यावर दिवा थांबला. फरक तिन्ही दिवस 15 च. दराबद्दल करारात एक ओळही नाही, आणि करार नोंदणीकृतही नाही. बोललो तर वीज तोडतील का?

कोर्टकचेरी
नोंदणी नाही ही गोष्ट इथे तुमच्या बाजूची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची. तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे लिव्ह अँड लायसन्सलाही लागू आहे.

वीज तोडण्याविरुद्ध कलम 29 आहे, पण ते 'भाडेकरू' म्हणतं. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याने भाडेकरू ठरत नाही, त्यामुळे त्या कलमावर सगळी भिस्त ठेवू नका. वीज कायदा 2003 चं कलम 12 मात्र लक्षात असू द्या: परवान्याशिवाय वीज विकत घेऊन पुन्हा विकता येत नाही. बिल वाटून घेणं वेगळं, त्यावर नफा काढणं वेगळं. कलम 43 नुसार जागेत राहणाराही कनेक्शन मागू शकतो. फ्लॅटमधल्या एका खोलीला ते मिळणं अवघड, अख्खा फ्लॅट घेतलेल्यांनी जरूर विचार करावा.

चौघांनी मिळून एकच पत्र द्या, एकट्याने नको. सोबत तीन दिवसांचे फोटो, बिलाची प्रत आणि वरचा हिशेब जोडा. मागणी दोनच ठेवा: रोजची कपात बंद करून आतापर्यंतची रक्कम रिचार्जमध्ये वळती करावी, आणि दर महिन्याच्या बिलावरून दर ठरवावा. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पोचही घ्या. पुढच्या नूतनीकरणात 'दर = चालू देयक ÷ सबमीटरांची बेरीज, इतर कपात नाही' ही ओळ घालून करार नोंदवून घ्या.