युरोपियम सल्फाइडमध्ये स्ट्रॉन्शियम मिसळल्यावर फेरोमॅग्नेटिझम इतक्या लवकर का जातो?

प्रश्न
युरोपियम सल्फाइडमध्ये (टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली फेरोमॅग्नेटिझम येतो ते, १६.५ केल्विन) युरोपियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलाय. युरोपियमचं प्रमाण ०.४५. एफसीसी (फलक-केंद्रित घनाकृती) जाळीचा पर्कोलेशन उंबरठा, म्हणजे आयनांचं सलग जाळं टिकायला लागणारं किमान प्रमाण, साधारण ०.२०, म्हणून चुंबकीय आयनांचं सलग जाळं शाबूत असायला हवं. तरी फेरोमॅग्नेटिक संक्रमण नाही. एसी ससेप्टिबिलिटीत (बदलत्या क्षेत्राला मिळणाऱ्या चुंबकीय प्रतिसादात) कमी तापमानाला नुसतं एक टोक येतं. नमुना बिघडलाय का?

उत्तर १
नमुना ठीक असावा. ०.२० हा आकडा फक्त सर्वांत जवळच्या १२ शेजाऱ्यांचा. त्यांच्याशी एक्स्चेंज (स्पिनांना एकमेकांशी बांधणारी आंतरक्रिया) फेरोमॅग्नेटिक, म्हणजे स्पिन एकाच दिशेला वळवणारा आहे, पण त्यापलीकडच्या ६ शेजाऱ्यांशी तो अँटीफेरोमॅग्नेटिक, म्हणजे उलट दिशेला वळवणारा, आणि जवळपास निम्म्या ताकदीचा आहे. शुद्ध पदार्थात १२ जण ६ जणांवर सहज मात करतात. विरळ केल्यावर सरासरीने दोन्ही सारखेच घटतात, म्हणून मीन फील्डच्या (फक्त सरासरी धरणाऱ्या) गणितात टीसी सरळ रेषेत उतरतो आणि काहीच वावगं दिसत नाही. खरी गडबड स्थानिक आहे: काही आयनांभोवती जवळचे शेजारी कमी आणि पलीकडचे जास्त उरतात, त्यांचे स्पिन उलटी ओढ देतात. त्यामुळे फेरोमॅग्नेटिझम ०.५ च्या आसपासच संपतो आणि तिथून साधारण ०.१३ पर्यंत स्पिन ग्लास (स्पिन विस्कळीत दिशांना गोठलेली अवस्था) मिळतो. तुमचं ०.४५ नेमकं त्यात येतं.

उत्तर २
खात्री करायची तर टोकाची उंची बघा. गोल नमुन्यात फेरोमॅग्नेटची मोजलेली ससेप्टिबिलिटी (एसआय एककांत) टीसीखाली ३ वर सपाट होते, कारण डीमॅग्नेटायझेशन गुणांक (नमुन्याच्या आकारामुळे आतलं क्षेत्र किती घटतं त्याचं माप) १/३ असतो. टोक ३ च्या बरंच खाली असेल आणि वारंवारता वाढवल्यावर वरच्या तापमानाकडे सरकत असेल, तर स्पिन ग्लास. ०.५ च्या जरा वर मात्र फसगत होते: आधी सपाट भाग येतो आणि आणखी खाली ससेप्टिबिलिटी पुन्हा पडते. तो रीएंट्रंट टप्पा (फेरोमॅग्नेटिझमनंतर आणखी थंड केल्यावर येणारी स्पिन ग्लाससारखी अवस्था) आहे, मापनातली चूक नव्हे. ॲरट आलेख (चुंबकन आणि क्षेत्राच्या मोजमापांवरून टीसी काढायचा आलेख) काढताना डीमॅग्नेटायझेशनची दुरुस्ती विसरलात तर टीसी चुकीचा निघेल.

उत्तर ३
प्रमाण एक्स-रेवरून ठरवू नका. दोन्ही सल्फाइडांच्या जाळीत फरक जेमतेम ०.०५ अँगस्ट्रॉम (५.९७ आणि ६.०२), म्हणजे प्रमाणातली ०.०१ ची चूक ०.०००५ अँगस्ट्रॉमएवढीच. उच्च तापमानाच्या क्युरी-वाइस रेषेतला (ससेप्टिबिलिटीचा व्यस्त विरुद्ध तापमान) क्युरी स्थिरांक जास्त भरवशाचा, कारण युरोपियमचा चुंबकीय मोमेंट पक्का माहीत आहे. आणि मिसळायचा आयन युरोपियमसारखा द्विसंयुजीच (२+ प्रभाराचा) हवा. लँथॅनम किंवा गॅडोलिनियम घातलं तर मोकळे इलेक्ट्रॉन येतात, एक्स्चेंजच बदलतो आणि तो विरलीकरणाचा प्रयोग राहत नाही.