अनुभव धागा: मातीत हात घातल्यावर सावरलेली पोरं

मंजिरी_नागपूर
भाच्याने काल विचारलं, "मावशी, सोमनाथची छावणी कशी असते गं?" मेडिकलची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा हुकल्यापासून पोरगं खोलीबाहेर पडत नव्हतं. मला माझं बारावीनंतरचं वर्ष आठवलं. घरात कोणी रागवायचं नाही, पण ताट वाढतानासुद्धा सगळे जपून वाढायचे.

तेव्हा गेले होते सोमनाथला. बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, १५ ते २२ मे. चंद्रपूर जिल्हा आणि मे महिना, यावरून काय ते समजा. ऊन चढायच्या आत श्रमदान, मग व्याख्यानं, चर्चा, गाणी. मला फावडं धरायला शिकवलं एका आजोबांनी. कुष्ठरोगातून बरे झालेले, तिथेच भातशेती करणारे. बोटं अर्ध्यावर संपलेली. दोन्ही तळव्यांत दांडा दाबून ते माती अशी उचलायचे की घमेल्यात पडताना सांडायची नाही. मी धापा टाकत होते. म्हणाले, "कमी भर, पण रांग थांबवू नको." घमेली हातोहात पुढे जातात ना, एक थांबला की सगळे थांबतात. मार्क किती पडले हे तिथे एकानेही विचारलं नाही. शेवटी शेवटी तर कोणी कुठे उभं राहायचं हे मीच सांगत होते!

तुमचे, तुमच्या पोरांचे अनुभव लिहा. भाच्याला दाखवणार आहे.

माणदेशी
२०१८, वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा. त्या वर्षी पहिली आलेली टाकेवाडी आमच्याच माण तालुक्यातली. आमचं गाव कुठंच नव्हतं, पण ४५ दिवस चुरस काय सांगू. शेजारचा पोरगा पुण्यातली नोकरी सुटून आलेला, दिवसभर पारावर बसून असायचा. कुणीतरी चर आखायची ए-फ्रेम त्याच्या हातात दिली. तीन काठ्या अन् दोरीला बांधलेला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत, तिथं फक्की टाकायची. आखणी चुकली तर पाणी चराच्या एका टोकाला पळतं, सगळी मेहनत मातीत. दोन दिवसांत म्हातारी माणसं त्याला विचारायला लागली, "इथनं न्यायचं का रं?" आता ग्रामपंचायतीत आहे. रोज कुणाशी तरी भांडण असतंच त्याचं.

स्वप्ना_के
तळहाताला फोड आलेले असताना भाकरी थापून बघा कुणीतरी 😄 बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

वऱ्हाडी_वावर
थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. शहरातल्या पोरांना माती आठ दिवस भेटते. आमच्या यवतमाळात तीच माती कर्ज घेऊन दारात उभी असते. चुलतभाऊ कापूस बुडाल्यावर खचला, तेव्हा "वावरात जा, बरं वाटेल" म्हणणाऱ्यांना मीच घरातून घालवलं. डॉक्टर अन् गोळ्या, त्यानंच तो सावरला. पण एक पाहिलं. स्वतःच्या वावराकडे तोंडही करत नव्हता, अन् गावतलावातला गाळ काढायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. तिथं भाव काय येईल याची धास्ती नव्हती न. गाळाचा ट्रॅक्टर कोणाच्या वावरात आधी जाणार याची यादीही मग त्याच्याकडेच आली.

मंजिरी_नागपूर
@वऱ्हाडी_वावर राग कसला, अगदी बरोबर. भाच्याचं समुपदेशन चालूच आहे, ते बंद करायचं नाही असं बहिणीला बजावलंय.

बांबूवाला
मेंढा-लेखा गाव कोणी पाहिलंय का? गडचिरोलीत, धानोऱ्याच्या वाटेवर. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जण जरी अडला तरी पुन्हा बसायचं. कॉलेजात असताना एका बैठकीला मागे बसलो होतो. माझ्याच वयाचा मुलगा गावातल्या मोठ्यांपुढे अडून बसला होता आणि कोणी त्याला "गप रे" म्हणालं नाही. आमच्या घरी मला अजून म्हणतात 🙂

स्वप्ना_के
@बांबूवाला आमच्या सोसायटीत सर्वसहमती लावली तर पार्किंगचा प्रश्न नातवंडांपर्यंत जाईल.

गोंदियाकर
सोमनाथला जायचं तर बल्लारशा-गोंदिया लाइनीवर मूल-मारोडा स्टेशन आहे. गाड्या मोजक्याच, वेळ बघून निघा.

मंजिरी_नागपूर
धन्यवाद! आईचं (म्हणजे त्याच्या आजीचं) म्हणणं, खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाही.

वऱ्हाडी_वावर
ठेवू द्या कांदा, आजीचं मन राहते. पण सुती दुपट्टा दोन घ्या म्हणा, एक ओला करून बांधायला. अन् जोडे जुनेच, नवीन चावतात.

स्वप्ना_के
कुकर झाला. आता लिहिते… अरे, लाइट गेली.