दगड-मातीच्या घरात वायफाय मागच्या खोलीत पोचना गेलंय, काय करावं?

औशाचा_गडी:
नमस्कार मंडळी, घरी पहिल्यांदाच वायफाय घेतलंय त्यामुळं काही येड्यासारखं विचारलं तर हसू नका. गाव औसा तालुक्यात, घर आज्याच्या काळातलं, दगड-मातीचं, वर माळवद, आणि मागं नंतर बांधलेली एक स्लॅबची खोली. बहीण नीटची परीक्षा रिपीट करायलीय, लातूरचा क्लास सोडून यंदा घरूनच ऑनलाईन लेक्चर बघते, ती बसते मागच्या खोलीत कारण पुढं आजी, टीव्ही आणि दिवसभर येणारं-जाणारं. आठ दिवसाखाली गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. वायफायच्या डब्याजवळ उभं राहिलं की स्पीड ९० च्या पुढं दाखवतंय, मागच्या खोलीत गेलं की २-३, दार लावलं की तेबी न्हाई. बहीण ओट्यावर येऊन बसायलीय कानात हेडफोन घालून आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण विचारतो काय चाललंय. केबलवाला म्हणतो २०० चा प्लॅन घ्या, वडील म्हणायलेत वापस करून टाक. एक्स्टेंडर म्हणून काहीतरी असतंय ते घ्यावं का?

जिंतूर_नाका:
२०० चा अजिबात घेऊ नका. डब्याजवळ ९० यायलंय म्हणजे बाहेरून येणारं बरोबर आहे, घोडं घरात अडलंय. भिंत किती जाड, डबा नेमका कुठं ठेवलाय आणि मोबाईलमधी वायफायची नावं एक दिसतात का दोन, तेवढं सांगा.

औशाचा_गडी:
भिंत दोन फुटाच्या वरच आहे. डबा माजघराच्या देवळीत ठेवलाय. केबलवाला खिळा ठोकायला गेला तर माती ढासळायली, मग आई म्हणली देवळीत ठेवा, तिथं आधी कंदील असायचा. पुढं टीव्ही आहे, बाजूला लोखंडी कपाट. नावं दोन दिसतात, एकाच्या मागं ५जी लिहिलंय, आम्ही सगळ्यांनी तेच घेतलं, ५जी म्हणजे फास्ट ना.

वायरवाला_परभणी:
भाऊ, कंदील देवळीत शोभतो, राउटर नाही. मी वायरिंगची कामं करतो, दर दोन-चार घराआड हेच बघायला मिळतं, डबा दिसू नये म्हणून कोपऱ्यात, कपाटामागं, नाहीतर टीव्हीच्या पोटात. तुमच्या डब्याला मागून, वरून, खालून आणि दोन्ही बाजूनं दगडमाती, समोरून टीव्ही. लोखंडातून तर वायफाय जातच नाही, आदळून वापस येतं. आणि मातीच्या भिंतीत ओल असती, पाणी हे सिग्नल पिऊन टाकतं, त्यामुळं पावसाळ्यात अजून कमी होईल.

आता ते ५जी. ते मोबाईलचं ५जी नव्हं, ते ५ गिगाहर्ट्झ. दुसरं नाव आहे ते २.४ गिगाहर्ट्झचं. ५ वालं पळतं जोरात पण भिंत आली की बसकण मारतं, २.४ वालं सावकाश चालतं पण लांब जातं. म्हणून आधी फुकटातलं करा, बहिणीच्या फोनमधी २.४ वालं नाव जोडा आणि डबा देवळीतून काढून दाराच्या चौकटीवर फळी मारून ठेवा, जिथून मागचं दार सरळ दिसतं असा. डबा हलवताना ती बारीक फायबर वायर मुडपू नका, आत काच असती, तारेसारखी वळवली की गेली. वायर पुरत नसली तर केबलवाल्याकडूनच सरकवून घ्या.

एवढ्यानं लेक्चर चालंल बहुतेक. पण मला विचाराल तर अशा घराला एकच पक्का इलाज, वायर ओढा. डब्याच्या मागं लॅनचे (घरातल्या वायरचे) पिवळे नाहीतर काळे पोर्ट असतात, त्यातून कॅट ६ नावाची नेटची वायर काढायची, भिंतीला भोक न पाडता खिडकीतून वर माळवदावर आणि तिथून मागच्या खोलीत. उन्हात वायर कडक होऊन तडकती म्हणून पाईपात घाला. १०० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही, तुम्हाला वीस-पंचवीस मीटर लागंल. तिकडं एक साधा राउटर ठेवायचा आणि त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमधी टाकायचं, म्हणजे तो नुसतं वायफाय देतो. तो मोड नसला तर त्याचं डीएचसीपी (मोबाईलला पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा (ब्राउजरमधी इंग्रजी आकडे टाका नाहीतर रात्रभर बसताल, हे म्या केलंय) आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टात नाही तर लॅन पोर्टातच खुपसायची. तुमच्या पहिल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे का ते मागच्या स्टिकरवर बघून घ्या, वेगळा असला तर त्याच्या जवळचा नंबर द्या.

एक्स्टेंडर म्हणजे वायफाय धरून पुढं देणारा डबा, तो वाईट नसतो, पण लोक तो जिथं रेंज नाही तिथंच लावतात. जिथं २ यायलंय तिथं लावून तो १० कुठून आणणार. शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच हवेतून घेतो आणि त्याच हवेतून देतो, निम्मा स्पीड तिथंच जातो.

आणि एक, मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टाचणीनं दाबू नका. आत केबलवाल्यानं भरलेला युजर आयडी-पासवर्ड असतो, तो उडाला की तो येईपर्यंत सगळं घर बंद. बंद पडलं तर बोर्डाचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा, तेवढंच.

किल्लारीकडचा:
औसा तालुका म्हणल्यावर राहवलं नाही. आमची ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तसलीच घरं पडली, दगड-माती आणि वर धाब्याचं वजन. आता पत्र्याची खोली आहे, तर वायफायला पत्राबी तसाच, खोलीत फुल्ल आणि अंगणात शून्य. खिडकीत ठेवला तेव्हा कुठं बाहेर आलं. भिंतीत नवीन भोक पाडू नका ही गोष्ट एकदम बरोबर.

लाईट गेली:
राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (बॅटरीचा छोटा डबा) लावा, हजार-दोन हजारात येतो. इन्व्हर्टर असला तरी बदली होताना काही डबे बंद होऊन परत चालू होतात, दोन-तीन मिनिटं जातात आणि नेमकं तेव्हाच सरांनी उत्तर सांगितलेलं असतं. अडॅप्टरवर १२ व्होल्टच आहे का ते वाचूनच घ्या, काही डबे ९ चे असतात. दुसरा राउटर ठेवला तर त्यालाबी लागंल हे लोक विसरतात.

जिंतूर_नाका:
अजून एक, लॉस (डब्यावर LOS लिहिलेला) नावाचा लाल दिवा लागला तर घरात काही करत बसू नका, फायबर बहुतेक बाहेर तुटलीय. आमच्याकडं ऊसतोड चालू झाली की उंच भरलेली ट्रॉली वायर ओढून नेती, दर सीझनला एकदा तरी. तो लाल दिवा लागलेला नसून नेट नसलं तर मग घरातलं बघायचं. आणि पासवर्ड कोणता ठेवलाय?

औशाचा_गडी:
केबलवाल्यानं वडिलांचा मोबाईल नंबर ठेवलाय.

वायरवाला_परभणी:
वडिलांचा नंबर गावात कुणाकडं नाही? आजच बदला. स्टिकरवरच्या पत्त्यावर जाऊन वायरलेसच्या सेटिंगमधी डब्ल्यूपीए२ हे कुलूप ठेवा, नवा पासवर्ड बारा अक्षरांच्या पुढं, आणि ॲडमिनचा, म्हणजे डब्याच्या सेटिंगचा, पासवर्डसुद्धा बदला, तो ॲडमिनच राहिला असंल.

औशाचा_गडी:
सगळ्यांचे आभार. डबा चौकटीवर ठेवला आणि २.४ जोडलं तर मागच्या खोलीत १८-२० यायलंय, लेक्चर थांबना गेलंय आता. वायर रविवारी ओढतो, पाईप आणून ठेवलाय, वडील पाईप बघून म्हणले ठिबकचा आणायचा होतास. पासवर्ड काल रात्री बदलला. सकाळी ओट्यावर शेजारची तीन पोरं येऊन उभी, काका नेट बंद पडलंय का म्हणून विचारायलीत.