मदत हवी आहे: सातारा ते मिरज, जिथे अजून काहीतरी बनतंय अशी ठिकाणं सांगा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मोकळे आहेत. साताऱ्याहून मिरजेपर्यंत गाडीने जायचंय. मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आमचे आण्णा (वय ७४, चालतात झकास, फक्त जिने नकोत).

काय नको ते आधी सांगतो. लिंबची बारामोटेची विहीर, मेणवलीची वसईहून आणलेली घंटा, भिलारची पुस्तकांची घरं, सगळं झालंय. पाहुणे आले की पुन्हा होतं. हायवेवरची ती 'वाडा' छापाची हॉटेलं तर अजिबात नकोत. गेल्या वेळी एका ठिकाणी थांबलो. दारात सिमेंटचे बैल, आत सिमेंटची विहीर, विहिरीत निळा रंग. पोरगं वाकून बघून म्हणालं, "बाबा, पाणी पण खोटंय." पिठलं-भाकरीचं बिल तेवढं खरं होतं.

मला हवंय ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीसारखं. मागच्या वर्षी एका लग्नाला गेलो होतो, अक्षतांना वेळ होता म्हणून भटकत तिकडे शिरलो. आढ्याला भोपळे टांगलेले, एकेक घागरीएवढा. खाली एक चाचा तानपुरा आडवा घेऊन बसलेले. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस हलकेच एकदा फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. आधी नुसती टण्ण वाजणारी तार पाच-सहा वेळा असं केल्यावर एकदम भुंग्यासारखी घुमायला लागली. याला जवारी काढणं म्हणतात हे नंतर कळलं. मी दारातच उभा. कुणी 'या' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. पण तानपुरा घ्यायची ऐपत नाही आणि गळा तर त्याहून नाही, त्यामुळे ओशाळून काढता पाय घेतला. अजून चुटपुट आहे.

तर, अशा ठिकाणी काही घ्यायचं नसताना आत कसं शिरावं? काय बोलावं? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) कुणी दाखवतं का? आणि ओगलेवाडीत बघण्यासारखं काय उरलंय? हा आण्णांचा हट्ट आहे. ते तिथल्याच ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून मॅट्रिक झाले. ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा, आणि कराडचं रेल्वे स्टेशन मुळात ओगलेवाडीतच आहे, ही माहिती ते आम्हाला दर चार महिन्यांनी नव्याने देतात.

कृष्णाकाठ:
दादा, दिवाळीत येऊन निम्मी मजा घालवताय. हळद रानातून निघते जानेवारीनंतर. मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, की सांगलीच्या मार्केट यार्डात पिवळी धूळ. तासगावकडची बेदाण्याची शेडंही फेब्रुवारी ते एप्रिलच भरलेली असतात. आत्ता द्राक्षाची नुकती छाटणी झालेली, शेडात रिकाम्या जाळ्या आणि एखादं कुत्रं. मार्चात या. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीवर कशी पसरतात ते पोराला दाखवा, ओंजळभर बेदाणा कुणीही हातावर ठेवेल.

पेवांचं म्हणाल तर २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी गेली. माल आता गोदामात आणि कोल्ड स्टोरेजला जातो. संगमेश्वराच्या देवळापाशी जुन्या माणसाला गाठा, तो जागा दाखवेल. वरून बघाल तर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोट मात्र रांजणासारखं. आणि पोराला आधीच दम द्या, वाकून बघायचं नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. विझला तर आत हवा नाही.

मिरजवाला:
ओशाळायचं काय त्यात! सरळ सांगायचं, "घ्यायचं नाही, मुलाला दाखवायला आणलंय." पोरगं सोबत असलं की निम्मं काम होतं. फक्त जवारी चालू असताना बोलू नका, तो कानाचा कारभार आहे. हात रिकामा होऊ द्या, मग विचारा भोपळा कुठून येतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा हे उत्तर मिळेल आणि पुढे अर्धा तास तेच बोलतील. यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तिथून तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याचा कागद दुकानात दिसला तर विषय काढा, खुलतात.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नका. अगदीच संकोच वाटला तर एकतारी घ्या, वडील भजनात वाजवतील. तिथून मीरासाहेब दर्ग्यात जाऊन या, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. दिवाळीत ओगलेवाडी आणि मिरज एवढंच करतो, हरिपूर-तासगाव मार्चसाठी ठेवलं. शुक्रवारचं बरं सांगितलंत, आम्ही नेमके शुक्रवारीच पोचणार होतो.

ओगलेवाडीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. पेवात कंदील सोडतात हे आण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून माळ्यावरचा कंदील काढायला लावला. काच शाबूत आहे, सकाळपासून राखेने घासतायत. वात पार कडक झालीय. साताऱ्यात कंदिलाची वात कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?